शेजारच्या सीटची खोड

१

खटारा मंडळाचे नियम दोनच. पहिला, गाडी नव्या मोटरसायकलपेक्षा महाग नसावी. दुसरा, मंडळातल्या मंडळात गाडी विकली तर तिची खोड सांगायची नाही.

खोड म्हणजे बिघाड नव्हे. ब्रेक लागत नाहीत, चाक डगमगतं, अशा जिवावरच्या गोष्टी विकणाऱ्याने आधीच सांगायच्या. त्यात लपवाछपवी केली तर मंडळातून नारळ मिळायचा. पण प्रत्येक जुन्या गाडीला बिघाडापलीकडचं एक वेड असतं. ते घेणाऱ्याने स्वतः हुडकायचं आणि रविवारच्या बैठकीत जाहीर करायचं. बरोबर निघालं की विकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. चूक निघालं की बाकीचे हसायचे आणि घेणारा पुन्हा कामाला लागायचा.

मंडळ म्हणावं तर टाळकी चार. निवृत्त मास्तर, गाड्या रंगवणारा पेंटर, औषधांचं दुकान चालवणारा केमिस्ट आणि आपले टाकेबुवा. टाकेबुवा तीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवत होते, त्यावरून हे नाव पडलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त लाइटबिलावर यायचं.

रविवारी सकाळी पेंटरच्या गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक भरायची. मास्तरांच्या पहिल्या गाडीचा हॉर्न वळणावर आपोआप वाजायचा. शाळेच्या फाटकात वळलं की पोरं वर्गात गुपचूप बसायची, त्यामुळे मास्तरांनी तो कधी दुरुस्तच केला नाही. पेंटरची एक गाडी रेडिओ लावल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि बातम्या लागल्या असतील तर तेव्हाही नाही, असं तो शपथेवर सांगायचा. केमिस्टच्या गाडीच्या तळाला पायांमध्ये भोक होतं. "रस्ता समोरूनही दिसायचा आणि खालूनही," तो म्हणायचा, "एवढी सोय आजच्या कुठल्या गाडीत आहे, दाखवा."

"नव्या गाडीत आपण नुसते बसतो," मास्तरांचं ठरलेलं मत. "जुन्या गाडीबरोबर नांदावं लागतं."

या गप्पांत टाकेबुवांचा जीव रमायचा. प्रत्येक गाडीची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. एका गाडीची मात्र नव्हती, आणि ते त्यांच्या लक्षात यायला ती गाडी घरी यावी लागली.

२

टाकेबुवांची बायको शहराबाहेर अठरा किलोमीटरवर एका रोपवाटिकेत देखरेखीचं काम करायची. मंडळ त्यांना वहिनी म्हणायचं, आपणही तेच म्हणू. त्या मार्गावरची बस बंद झाली तेव्हा वहिनींपुढे प्रश्न उभा राहिला. नोकरी सोडायला त्या तयार नव्हत्या. गाडी त्यांना चालवता यायची, टाकेबुवांपेक्षा बरी यायची.

केमिस्टकडे एक छोटी, चौकोनी, चार दारांची गाडी होती. रंग कधीतरी पिवळा असावा. तिने मंडळातले तीन उंबरे पाहिले होते: आधी मास्तर, मग पेंटर, मग केमिस्ट. इंजिन झकास. केमिस्टने किंमत इतकी कमी सांगितली की टाकेबुवांनाच लाजल्यासारखं झालं.

"ब्रेक?" त्यांनी विचारलं.

"कडक."

"स्टिअरिंग?"

"लोण्यासारखं."

"मग खोड काय?"

केमिस्ट नेहमी यावर डोळा मारायचा. या वेळी त्याने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "शोध."

गाडी घरी आणताना टाकेबुवांच्या डोक्यात आलं, की ही तिघांकडे राहून आली, पण हिची एकही गोष्ट रविवारी कुणी सांगितलेली नाही. गप्पिष्ट माणसं एका गाडीपुरती मुकी कशी झाली, याचं त्यांना नवल वाटलं. मग कामाच्या नादात ते विसरून गेले.

काम अर्थात सीटांचं. ड्रायव्हरची आणि मागची सीट ठाकठीक होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटला मात्र भलताच खोल खळगा पडला होता. टाकेबुवांनी कव्हर उसवलं. आतला फोम जुन्या काळचा, जाड आणि घट्ट, आजकाल बाजारात मिळतच नाही असला. एवढ्या घट्ट फोममध्ये एवढा खळगा पडायला माणूस रोज बसायला हवा, तोही वर्षानुवर्षं.

टाकेबुवांची कामाची एक पद्धत होती. सीट नव्याने भरताना ते जुन्या फोमचा वीतभर तुकडा तळाशी ठेवायचे आणि त्यावर नवा फोम बसवायचे. "विरजण," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "नवी गादी अंगाला परकी वाटत नाही मग." याला शास्त्र काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण तीस वर्षांत एकही सीट परत आली नव्हती.

तसंच त्यांनी इथे केलं. उरलेला फोम टाकवेना. घरी खिडकीपाशी दोन माणसांचा लाकडी बाक होता. संध्याकाळी कामावरून आल्यावर नवराबायको त्यावर बसून चहा घ्यायची, आणि टाकेबुवांच्या दिवसातला सगळ्यांत आवडता अर्धा तास तोच होता. बाक टोचतो ही वहिनींची जुनी तक्रार. टाकेबुवांनी त्याला गादी शिवली. कडांना नवा फोम, मध्ये हा जुना, आणि वर निळं कापड.

"बाई गं," वहिनी बसून म्हणाल्या, "बाकाचं नशीब उजळलं."

३

पहिल्या महिन्यात टाकेबुवांनी तीन खोडी जाहीर केल्या. मागचं दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नाही. थंड असताना चोक दोन बोटं ओढावा लागतो, तीन ओढला की ती रुसते. वायपर एका दिशेने जाताना पुटपुटतो.

"नाही," केमिस्ट तिन्ही वेळा म्हणाला. हसलं कुणीच नाही.

पाचव्या आठवड्यात गाडी पुसताना टाकेबुवांचा हात शेजारच्या सीटवरून फिरला आणि थांबला. नव्या गादीला खळगा पडायला लागला होता.

आपल्या धंद्यात टाकेबुवा ज्योतिषी होते. सीट पाहून ते सांगायचे, हा माणूस पाकीट मागच्या खिशात ठेवतो, हा एका बाजूला कलून बसतो, हिचे पाय टेकत नाहीत. हा खळगा दाराच्या बाजूला होता, अरुंद आणि खोल. पाठीला टेकल्याची खूण नव्हती. गादीच्या पुढच्या कडेवर दाब नव्हता. जो कोणी बसत होता तो पाठ न टेकता, अगदी ताठ बसत होता.

आणि वहिनी तर एकट्या जायच्या, एकट्या यायच्या.

"कुणाला बरोबर आणतेस का गं?" संध्याकाळी बाकावर त्यांनी सहज आवाजात विचारलं.

"कुणाला आणणार? माझ्या वाटेवर कुणी राहत नाही."

"नाही, तुझी पिशवी तू मागच्या सीटवर ठेवतेस. शेजारची मोकळी असताना."

"मग? तिथे कशी ठेवणार?" वहिनी म्हणाल्या. लगेच कपाळाला आठी पडली. आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं नसावं. "म्हणजे, सवय," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

४

संशय हा पाहुणा असा, की त्याला पाट मांडावा लागत नाही. टाकेबुवांनी शिंपी खडूने खळग्याभोवती बारीक रेघ आखली. आठ दिवसांनी खळगा रेघेच्या बाहेर पडला होता. बाहेर म्हणजे ड्रायव्हरच्या दिशेने. त्यांनी दुसरी रेघ आखली. पुढच्या आठवड्यात तीही ओलांडली गेली.

कोणीतरी दाराजवळ बसायचं. आता ते सरकत होतं, आठवड्याला दोन बोटं, त्यांच्या बायकोकडे.

टाकेबुवांना स्वतःची लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, दोघांना दोघंच. वहिनींनी कधी चमचा इकडचा तिकडे ठेवला तरी सांगितलं होतं. आणि आपण खडू घेऊन तिच्या गाडीत रेघा मारतोय. पण मनाला कितीही दटावलं तरी हात संध्याकाळी खडूकडे जायचाच. फोम खोटं बोलत नाही, हे त्यांना त्यांच्या धंद्याने शिकवलं होतं, आणि आता ते विसरायचं कसं हे शिकवायला कुणी नव्हतं.

एका दुपारी दोरा आणायच्या निमित्ताने त्यांनी दुकान बंद केलं आणि मोठ्या चौकात टायरच्या दुकानाआड जाऊन उभे राहिले. साडेपाचला पिवळट गाडी आली आणि सिग्नलला थांबली. मधे फक्त रस्ता होता. स्वच्छ ऊन होतं.

शेजारची सीट रिकामी होती.

टाकेबुवांचा जीव भांड्यात पडला. बायको आपली, फोम गेला खड्ड्यात, असं म्हणून ते वळणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की वहिनी दाराला अगदी चिकटून बसल्यात. खांदा काचेला लागला होता. एवढी सीट मोकळी असताना कोणी असं बसत नाही.

सिग्नल सुटला. वहिनींनी गिअर टाकायला हात खाली नेला आणि चटकन मागे घेतला. कुणाच्या गुडघ्याला चुकून हात लागला की आपण घेतो, तसा. मग जपून, बोटांच्या टोकांनी गिअर टाकला. त्यांचा चेहरा मात्र नेहमीचाच होता, घरी काय करायचं याचा विचार करत असल्यासारखा. त्यांना स्वतःला यातलं काही जाणवत नव्हतं.

५

तरी टाकेबुवांनी माती खाल्लीच. त्या रात्री जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खरं सांग, गाडीत कोण असतं?"

वहिनींनी ताटावरून हात उचलला. "संशय घेताय माझ्यावर?"

"तसं नाही गं."

"मग कसं? या वयात? आणि त्या डबड्यात?" त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. टाकेबुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या सुट्टी आहे ना मला? चला तुम्हीच. बसा माझ्या शेजारी आणि बघा कोण येतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. रोपवाटिका बंद होती, पण झाडांना पाणी घालून यायचं होतं. सुरुवातीला वहिनी फुगून होत्या. नाक्यापर्यंत राग उतरला. मग त्या कुंड्यांबद्दल बोलायला लागल्या, मालक कसा कडुलिंबाचं खत म्हणून धूळ विकतो ते सांगून हसवायला लागल्या. टाकेबुवाही हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. काही नव्हतं गाडीत. आपलंच डोकं फिरलं होतं.

अठरा किलोमीटर संपले. वहिनींनी गाडी फाटकाशी लावली आणि त्यांच्याकडे वळल्या.

"तुम्ही असे का बसलात?"

टाकेबुवांनी खाली पाहिलं. ते सीटच्या अर्ध्या भागावर बसले होते. अंग दाराला चेपलेलं, दाराचं हँडल मांडीत रुतलेलं. वाटभर ते त्यांना जाणवलंही नव्हतं.

"तू तरी अशी का बसलीस?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी आपला खांदा काचेपासून सोडवला. दोघांच्या मधे अख्खा माणूस मावेल एवढी जागा होती. तिच्याकडे दोघांनीही पाहिलं, आणि मग दोघंही आपापल्या दारातून खाली उतरली. परतताना टाकेबुवा मागच्या सीटवर बसले, आणि वहिनींनी का म्हणून विचारलं नाही.

६

रविवारी शेडमध्ये टाकेबुवा सगळ्यांच्या आधी पोहोचले. पेंटर रंग घोटत होता. शेडच्या भिंतीवर मंडळाच्या गाड्यांचे फोटो खिळ्यांनी ठोकलेले होते. आजवर टाकेबुवांनी त्यात फक्त गाड्या पाहिल्या होत्या. आज त्यांनी माणसं पाहिली.

पिवळट गाडीचे तीन फोटो होते. एकात मास्तर ड्रायव्हिंग सीटवर, कोपर खिडकीबाहेर. दुसऱ्यात पेंटर, कोपर तसंच बाहेर. तिसऱ्यात केमिस्ट. टाकेबुवांना ती इतकी वर्षं ऐट वाटत होती. तिघेही दाराला चिकटून बसले होते. पेंटरच्या फोटोत मागच्या सीटवर त्याचे वडील, दोन भाऊ आणि भावजय अशी चार माणसं कोंबलेली होती, एक तर दुसऱ्याच्या मांडीवर. शेजारची सीट रिकामी होती.

मास्तर आले. केमिस्ट आला. चहा आला.

"खोड सापडली," टाकेबुवा म्हणाले, आणि त्यांनी सांगितली. फार शब्द लागले नाहीत.

पेंटरने डबा खाली ठेवला. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"बरोबर आहे," केमिस्ट म्हणाला. "चहा माझ्याकडून."

"चहा घाल चुलीत! जिवावरची गोष्ट आधी सांगायची, असा नियम आहे ना?" टाकेबुवांचा आवाज चढला. "वहिनी वहिनी म्हणता, आणि ती रोज एकटी जाते त्या गाडीत!"

"जीव कुणाचा गेलाय, बुवा?" पेंटर पुटपुटला. "गाडी काही करत नाही. मी वर्षभर वापरली. नुसती, म्हणजे, अडचण होते."

"मला आधी वाटलं सीटच्या स्प्रिंगा कलल्यात," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला नव्हता. "मग म्हटलं, वय झालं आपलं. माणूस स्वतःला काहीही समजावू शकतो हो. विकून टाकली. पेंटर वर्षभर काही बोलला नाही, तेव्हा वाटलं, मनाचेच खेळ असतील."

"मीही तेच म्हटलं," पेंटर म्हणाला. "केमिस्ट बोलला नाही म्हणून."

सगळ्यांनी केमिस्टकडे पाहिलं. केमिस्ट वर्षभरापासून एकटा राहत होता. त्याची बायको बहिणीकडे गेली ती आली नाही, एवढंच मंडळाला माहीत होतं. त्यावर विनोद करायचा नाही हे न ठरवता ठरलं होतं.

"बायको आधी माझ्या शेजारी बसायची," केमिस्ट म्हणाला. "मग म्हणाली, चेपायला होतं, मी मागे बसते. मग म्हणाली, मी येतच नाही. भांडण झालं नाही आमचं. एक शब्दसुद्धा नाही. नुसती ती लांब लांब बसत गेली, आणि मी का म्हणून कधी विचारलं नाही." त्याने टाकेबुवांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू विचारलंस ना? मग बरं आहे. आता मंडळाबाहेरच्या कुणाला तरी विकून टाक."

टाकेबुवांनी तो हात झटकला. चहा तसाच निवत राहिला.

७

विकायची नाही, हे त्यांनी तिथून निघतानाच ठरवलं होतं. दुसऱ्याच्या घरात इंगळी सोडून आपण हात धुवायचे, हा शहाणपणा त्यांना जमणारा नव्हता.

सोमवारी त्यांनी दुकानासमोर गाडी उभी करून शेजारची सीट बोल्ट काढून बाहेर घेतली. कव्हर उसवलं. नवा फोम काढला. तळाशी वीतभर विरजण होतं. पुरत्या उजेडात त्यांनी ते हातात घेतलं. जुना होऊन कडक झालेला, पिवळा पडलेला फोमचा तुकडा, बाकी काही नाही. पण मुठीत दाबून सोडल्यावर तो फुगला नाही. दाबलेला तसाच राहिला. जुना फोम असं करतो कधीकधी, टाकेबुवांनी स्वतःला सांगितलं. कधी असं झालेलं पाहिलंय ते मात्र त्यांना आठवलं नाही.

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी विरजण जाळलं. काळा धूर निघाला आणि रबर जळाल्याचा वास आला, जसा यायला हवा तसाच. मग शेजारची सीट नसलेली ती गाडी चालवत ते भंगारवाल्याकडे गेले. वाटेत त्यांनी मुद्दाम सीटच्या मधोमध बसायचा प्रयत्न केला, आणि जमलं. गिअर मनगट फिरवून टाकला, आणि जमलं. शेजारी नुसता पत्रा आणि चार भोकं होती.

"सीट कुठाय?" भंगारवाल्याने विचारलं.

"नाहीये."

"गाडी तर चांगली चालतेय की. मोडता कशाला?"

"आजच मोड," टाकेबुवा म्हणाले. "माझ्यासमोर."

ते तिथे दोन तास उभे राहिले. छत आत गेलं, दारं उलटी झाली. तिच्यावर त्यांचा राग नव्हता. गाडी बिचारी इमानी होती, तीन माणसांची गुपितं मुकाट्याने वागवत राहिली होती. शेवटचा पत्रा चेपला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि चालत घरी आले.

वहिनींसाठी त्यांनी रोपवाटिकेच्या मालकाशी बोलून टेम्पोची सोय केली. त्यांनी सगळं सांगितलं नाही. इंजिन गेलं म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली. "मी तुझ्यावर संशय घेतला, चुकलो." वहिनी म्हणाल्या, "चुकलातच." आणि मग हसल्या. ते हसू परत मिळालं म्हणून टाकेबुवांना अगदी मनापासून बरं वाटलं.

८

महिना गेला. रविवारच्या बैठकीला टाकेबुवा जात नव्हते. केमिस्टचा दोनदा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. दुकानात काम जोरात होतं. नव्या सीटांमध्ये विरजण घालणं त्यांनी बंद केलं, आणि गिऱ्हाइकांना त्याने काही फरक पडला नाही.

त्या संध्याकाळी वहिनी टेम्पोतून उतरून आल्या, पाय धुतले, चहा केला. दोघं खिडकीपाशी बाकावर बसली. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. वहिनींनी सांगितलं, मोगऱ्याच्या कलमांना कीड लागलीय. टाकेबुवांनी सांगितलं, एका बाईने सीटांना जांभळं रेक्झिन मागितलंय. घरात पुन्हा घरासारखं वाटत होतं.

टाकेबुवांनी चहाचा घोट घेतला, कप ठेवायला हात बाजूला नेला, आणि त्यांच्या लक्षात आलं की पूर्वी कप ते दोघांच्या मधे ठेवायचे. आता खिडकीच्या कठड्यावर ठेवत होते. कधीपासून, ते त्यांना आठवेना. वहिनींचा कपही तिकडे, पलीकडच्या बाजूला जमिनीवर होता. मधे कुणीच काही ठेवत नव्हतं.

त्यांनी मान न वळवता खाली पाहिलं.

निळ्या कापडाची गादी मधोमध खचली होती. अरुंद, खोल खळगा. त्यांच्या बाजूची कड वर आलेली, फुगीर. वहिनींच्या बाजूची कड दबलेली. त्या बाजूला कापडाला बारीक चुण्या पडल्या होत्या, आणि ते पाहत असतानाच एक चुणी आणखी थोडी ताणली गेली.

कडांना नवा, मध्ये जुना. गादी त्यांनीच शिवली होती.

वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या बाकाच्या टोकाला होत्या, एक खांदा भिंतीला टेकलेला, कोपर पोटाशी घेतलेलं. चेहऱ्यावर तोच घरकामाचा विचार होता. टाकेबुवांना त्यांचा हात धरायचा होता. तो हात पलीकडे होता आणि त्यासाठी मधल्या जागेवरून हात न्यावा लागला असता.

"अहो," वहिनी बाहेर पाहतच म्हणाल्या, "जरा सरका ना तिकडे. चेपायला होतंय मला."

बाकाचा लाकडी हात टाकेबुवांच्या बरगडीत रुतला होता. त्या बाजूला सरकायला तसूभरही जागा उरलेली नव्हती.